पहिल्या ५१२ बाइटांचा पहारा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी गावात आले होते. या नोंदणीसाठी दहा बोटांचे ठसे द्यावे लागतात, दोन्ही डोळ्यांची बुबुळे टिपली जातात. ‘मी तोच’ हे पटवायला माणसाला एवढे करावे लागते. पण श्रोतेहो, ज्या संगणकापुढे आपण बोट ठेवतो, तो स्वतः चालू होताना कोणाचे ऐकतो? त्याला पहिला हुकूम कोण देतो?

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. संगणकाचा सारा कारभार पाहणारी ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ डिस्कवर साठवलेली असते. ती तिथून उचलून कामाच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत आणावी लागते. पण डिस्क वाचायची कशी, हे सांगायलाही एक प्रोग्राम हवा. आणि वीज गेली की आजची मेमरी कोरी होते. म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच! बुटाच्या मागचा पट्टा धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारावरून या क्रियेला ‘बूट होणे’ हे नाव पडले.

सुरुवातीला ही किल्ली माणसाच्या हातात असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय संशोधकांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली सुरू झाला. त्याची मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम १० किलोबाइट. भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून त्याला माहिती पुरवली जाई. परदेशातल्या अनेक यंत्रांत तर पहिल्या काही सूचना समोरच्या फळीवरचे खटके वर-खाली करून भराव्या लागत. १९७५चा ‘अल्टेअर ८८००’ हा घरगुती संगणकही असाच सुरू होई. एक खटका चुकला की सगळे मुसळ केरात!

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पीसी’ बाजारात आणला आणि हे काम एका चिपवर सोपवले. वीज गेली तरी न पुसणाऱ्या त्या चिपमधल्या प्रोग्रामला ‘बायॉस’ म्हणत. वीज आली की प्रोसेसर १ मेगाबाइटच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडच्या ठरलेल्या पत्त्यावर जाई. तिथे ‘पुढे अमुक ठिकाणी जा’ एवढीच चिठ्ठी. मग बायॉस मेमरी, कळफलक वगैरेंची हजेरी घेई आणि डिस्कचा पहिला कप्पा उचलून मेमरीत ठेवी. हा कप्पा फक्त ५१२ बाइटांचा. १९८३ पासून हार्डडिस्कवर त्याची वाटणी ठरून गेली: जास्तीत जास्त ४४६ बाइट सूचनांना, ६४ बाइट डिस्कच्या चार वाटण्यांच्या नोंदीला आणि शेवटचे दोन बाइट खुणेचे. या सूचना पुढचा प्रोग्राम शोधत, तो त्याच्या पुढचा. अशी हातोहात कामे सोपवत शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम उभी राही.

गोम अशी, की बायॉस या कप्प्याची फारशी चौकशी करत नसे. ठरलेल्या जागी जे सापडेल ते चालवायचे, एवढेच त्याला ठाऊक. हे भोळेपण लवकरच महागात पडले. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या याच पहिल्या कप्प्यात जाऊन बसला. १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ विषाणू सापडला. तो ५ जानेवारीला यंत्र अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकल्याशिवाय सोडत नसे. हे जोशीबुवा कोण, ते गुलदस्त्यातच राहिले.

आपल्याकडे या विषाणूंना विजेच्या लपंडावाचीही साथ होती. वीज गेली, फ्लॉपी यंत्रातच राहिली आणि वीज परतल्यावर यंत्र त्या फ्लॉपीवरूनच सुरू होऊ लागले, की काम झालेच! फ्लॉपीवर ऑपरेटिंग सिस्टीम नसली तरी तिचा पहिला कप्पा वाचला जाईच. तेवढ्यानेच लागण होई. यातलाच ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू ६ मार्चला डिस्कवरची माहिती खराब करी. त्यावर उतारा लिहिला तो पुण्यातल्या संजय काटकर या विद्यार्थ्याने. त्याचे थोरले भाऊ कैलास काटकर यांचे कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान होते. या भावांच्या धडपडीतूनच पुढे ‘क्विक हील’ उभी राहिली.

भोळा पहारेकरी बदलायला मात्र बराच काळ गेला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इंटेलने नव्या रचनेवर काम सुरू केले. २००५ मध्ये ‘यूईएफआय’ नावाने ती अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे गेली. ही रचना डिस्कवरच्या फाइली स्वतः वाचू शकते. २०१२ च्या ‘विंडोज ८’ बरोबर ‘सिक्युअर बूट’ सर्वत्र पोचले. आता पुढच्या प्रोग्रामवर ओळखीची डिजिटल सही आहे का, हे आधी तपासले जाते. सही नसेल तर दार बंद. आत आलेला पुढच्याची ओळख पटवतो, तो त्याच्या पुढच्याची.

टेंभलीत सुरू झालेल्या आधार योजनेतही अशीच एक सोय होती. ज्याच्याकडे कागदपत्रच नाही, त्याची ओळख नेमलेल्या परिचित व्यक्तीने द्यायची. म्हणजे यंत्र काय आणि माणूस काय, दोघांच्याही बाबतीत प्रश्न एकच: ओळख देणारा कोण, आणि त्याला तो अधिकार कोणी दिला? बहुतेक संगणकांत विश्वासाच्या किल्ल्या मायक्रोसॉफ्टच्या असतात. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींनाही अनेकदा तिची सही घेऊन आत यावे लागते. नाहीतर मालकाने हा पहारा बंद करावा लागतो. इकडे आयुष्यभर राबून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला न उमटल्याने खरा माणूसही रेशनच्या दुकानात अडतो.

चोराला अडवायला पहारा हवाच; ‘जोशी’ आणि ‘मायकेलअँजेलो’ यांनी तो धडा दिला आहे. पण घरच्या माणसालाच दाराबाहेर उभे राहावे लागले, तर पहारेकऱ्याला जाब विचारण्याची सोयही हवी. संगणकात तो पहारा बंद करण्याचा पर्याय बहुधा मालकाच्या हाती असतो. रेशनच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही तसा दुसरा मार्ग तिथल्या तिथे मिळायला हवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)