जुळणी : वर्ध्याच्या मांडवातील एका शब्दाचा इतिहास

वर्धा जिल्ह्याचा सार्वजनिक इतिहास हा बऱ्याच अंशी सभांचा इतिहास आहे. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहावयास आले. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यात झाली. १९६९ साली पु. शि. रेगे आणि २०२३ साली न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलने भरली. व्यासपीठावरून कोण काय बोलले, याच्या नोंदी आपण जपतो. ते शेवटच्या रांगेपर्यंत कसे पोहोचले, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासाला फारसा पडलेला नाही. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविणारे शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने इतिहासात येतात तेही १९४२ च्या गुप्त रेडिओच्या खटल्यातील आरोपी म्हणून.

विदर्भात मांडव, सतरंज्या आणि माईक हे सारे बहुधा एकाच बिछायत केंद्रातून येते. तेथील जुन्या माणसांच्या तोंडी 'मॅचिंग' हा शब्द हमखास असतो. आपण त्याला जुळणी म्हणू. शब्द टिकला, अर्थ मात्र पार उलटला. आम्हांला रस आहे तो याच उलटापालटीत.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असे. त्याला ४, ८, १६ ओहम अशी निरनिराळी टोके असत आणि स्पीकर जितक्या ओहमचा तितक्याच टोकाला जोडायचा, हीच जुळणी. स्पीकर न जोडता संच वाजवला तर ट्रान्सफॉर्मर जळण्याचे भय. मैदानातील कर्ण्यांसाठी १०० व्होल्टची वेगळी लाइन असे, आणि तिचे कारण शुद्ध हिशेबाचे आहे. १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची जोडतार १०० मीटर नेली की जाऊन-येऊन सुमारे साडेतीन ओहमचा विरोध होतो. पलीकडे ८ ओहमचा स्पीकर असेल तर जवळजवळ तिसरा हिस्सा शक्ती तारेतच खर्ची पडते. त्याऐवजी प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर लावून त्याला १० वॅट घेऊ दिले, तर तो लाइनला १,००० ओहमचा भासतो. असे दहा कर्णे लावले तरी तारेत शेकडा तीन-चारच वाया जातात. जोडणाऱ्याने वॅटांची बेरीज करायची आणि ती अ‍ॅम्प्लिफायरच्या आत ठेवायची, एवढेच.

ट्रान्झिस्टर आले आणि बहुतेक संचांतून तो मधला ट्रान्सफॉर्मर गेला. आता मोकळे टोक निरुपद्रवी ठरले आणि भय उरले ते कमी ओहमचे. 'जितके तितके' हा नियम जाऊन 'याहून खाली नको' हा नियम आला. मिक्सरशी जुळणी त्या मानाने सोपी : माईकचे काही मिलिव्होल्ट तो व्होल्टभर करून देतो आणि तेवढ्यावर अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीला पोहोचतो. (मिक्सरचा दिवा सतत लाल असेल तर पुढचा संच कितीही भारी असो, व्यर्थ.)

जिल्ह्यातील एका सभागृहात काही वर्षांपूर्वी आम्ही कविसंमेलन भरवले होते. ८ ओहमची चार पॅसिव्ह खोकी समांतर जोडली होती. म्हणजे एकूण २ ओहम. अ‍ॅम्प्लिफायरला ४ च्या खाली चालत नव्हते. एक ज्येष्ठ कवी वाचावयास उठले आणि संच स्वसंरक्षणार्थ दर दोन-तीन ओळींनी बंद पडू लागला. त्यांनी आवाज चढवला नाही. ती त्यांची रीतच नव्हती. चहाच्या सुट्टीत कोणीतरी दोन-दोन खोकी एकामागे एक जोडून त्या जोड्या समांतर केल्या. तीच चार खोकी आता ८ ओहमची झाली. आवाज थोडा उतरला, पण अखेरपर्यंत टिकला.

ज्येष्ठ कवींची पाळी तोवर संपली होती. ध्वनिमुद्रण थेट मिक्सरवरून घेतलेले असल्याने त्यात त्यांचा प्रत्येक शब्द स्वच्छ आहे. ते ऐकणारा असेच समजेल की त्या दुपारी सभागृहाने या कविता ऐकल्या.