गळाची मासेमारी, सागरी (क्रीडार्थ)

उदरनिर्वाहाचा हेतू न धरता, केवळ कौशल्य व मनोविनोद यांसाठी समुद्रात वा खाडीत गळ टाकून मासा धरण्याची क्रीडा. तिला संघटित रूप दिले ते १८९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडील कॅटालिना बेटावर स्थापन झालेल्या ट्यूना क्लबने.

कोकणात या छंदाचे पंचांग मोसमी वाऱ्यांवर चालते. जून-जुलैमध्ये दर्या खवळलेला आणि यांत्रिक नौकांना सरकारी मनाई हुकूम; तेव्हा हौशी माणूस खाडीकडे वळतो, आणि तेथेच या किनाऱ्याचा खरा मानकरी जो जिताडा, तो भेटण्याचा संभव असतो. खडक, पुलांचे खांब व तिवरांची मुळे यांच्या आडोशास दबा धरून तो ओहोटीबरोबर वाहत येणाऱ्या कोळंबीवर झडप घालतो, गळास लागताच उसळून डोके झाडतो, आणि कल्ल्यांवरील झाकणाच्या धारदार कडेने कच्ची दोरी सहज कापून निसटतो. हा मासा बहुधा प्रथम नर असून काही वर्षांनी मादी होत असल्यामुळे वजनदार जिताडे प्रायः माद्याच असतात. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी खाडीमुखाशी आलेल्या अशा मादीस, कालवणाचा मोह आवरून, परत पाण्यात सोडणे हेच इष्ट होय.

पावसाळा सरून पाणी निवळले की होडीमागे कृत्रिम आमिष ओढून सुरमई धरतात. तिच्या दातांपुढे नायलॉनचा निभाव लागत नाही, म्हणून गळाशी तारेचा तुकडा जोडतात. गोबरा मात्र गळ लागताच कपारीत शिरतो, तेव्हा त्याला दोर ढिला देऊन चालत नाही.