'द रिंग' : जपानी शापाचा अमेरिकी अवतार

एक चित्रफीत आहे. ती पाहून संपताच दूरध्वनी खणखणतो आणि पाहणारा सात दिवसांनी मरतो. एवढ्या एका कल्पनेवर उभा असलेला 'द रिंग' हा हॉलिवूडचा भयपट १८ ऑक्टोबर २००२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते गोर व्हर्बिन्स्की, तर प्रमुख भूमिका नेओमी वॉट्स यांची होती. पहिल्या शनिवार-रविवारी सुमारे दीड कोटी डॉलर कमावणाऱ्या या चित्रपटाने दुसऱ्या आठवड्यात त्याहून अधिक गल्ला जमवला. भयपटांच्या बाबतीत हे क्वचितच घडते, कारण त्यांचा प्रेक्षक पहिल्या तीन दिवसांतच चित्रपटगृहांत येऊन जातो. येथे मात्र पाहून आलेल्यांनी इतरांना पाठवले. जगभरातील त्याची कमाई सुमारे २५ कोटी डॉलरच्या घरात गेली.

या चित्रपटाचे मूळ जपानमध्ये आहे. कोजी सुझुकी यांची 'रिंग' ही कादंबरी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. हिदेओ नाकाता यांनी १९९८ मध्ये हिरोशी ताकाहाशी यांच्या पटकथेवरून तिच्यावर चित्रपट केला. कादंबरीचा नायक पुरुष पत्रकार होता. नाकातांनी त्याच्या जागी रेइको ही घटस्फोटित पत्रकार आणि तिचा लहान मुलगा आणला. कादंबरीत शापाचा संबंध देवीच्या रोगाच्या विषाणूशी जोडलेला होता. तो धागा चित्रपटाने सोडून दिला आणि केवळ भुताची गोष्ट ठेवली. रेइकोच्या पूर्वपतीची भूमिका करणारे हिरोयुकी सानादा पुढे 'शोगुन' या मालिकेमुळे जगभर पोहोचले.

विहिरीत टाकलेल्या सादाकोची ही कथा जपानी प्रेक्षकाला सर्वस्वी नवी नव्हती. अन्यायाने मेलेली स्त्री सूड घेण्यासाठी परत येते, ही तेथील लोककथांची आणि काबुकी रंगभूमीची जुनी कल्पना आहे. ओकिकू नावाची मोलकरीण विहिरीत पडून मरते आणि रात्री थाळ्या मोजत राहते, ही कथा प्रसिद्ध आहे. हिमेजीच्या किल्ल्यात तिच्या नावाची विहीर आजही दाखवली जाते. पांढरे वस्त्र आणि चेहऱ्यावर आलेले मोकळे काळे केस हे रूपही त्याच परंपरेतले. हडळीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

सादाकोच्या आईच्या व्यक्तिरेखेमागे मात्र इतिहास आहे. तोक्यो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी १९१० च्या सुमारास चिझुको मिफुने या स्त्रीच्या कथित अतींद्रिय शक्तीचे प्रयोग केले. त्यांवर फसवणुकीचे आरोप झाले, वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला आणि १९११ मध्ये तिने विष घेऊन जीवन संपवले. नाकातांच्या चित्रपटात वार्ताहरांसमोर असाच एक प्रयोग होतो आणि आईवर लबाडीचा आरोप करणारा वार्ताहर जागीच कोसळतो. शापाचा शोध घेणारी नायिका स्वतः पत्रकार आहे, ही गोष्ट त्यामुळे निव्वळ कथानकाची सोय राहत नाही. एका स्त्रीच्या छळात वृत्तपत्रांचाही वाटा होता, हे तेथे न बोलता सांगितले जाते.

अमेरिकी पटकथाकार एरेन क्रूगर यांनी हा भाग पूर्णपणे बदलला. सादाकोची समारा झाली. ती घोडे पाळणाऱ्या मॉर्गन दाम्पत्याची दत्तक मुलगी. घोडे समुद्रात उड्या घेऊन मरू लागतात, आणि अखेर आईच मुलीला विहिरीत ढकलते. नौकेवरून घोडा उधळतो तो प्रसंग पूर्णपणे अमेरिकी चित्रपटाचा आहे आणि तो उत्तम जमला आहे. सिअ‍ॅटलचा पाऊस आणि निळसर-हिरवट प्रकाश यांचा परिणामही दाट होतो. परंतु समाजाचा दोष एका कुटुंबाच्या खासगी दुःखात आक्रसला, हे नाकारता येत नाही. मूळ चित्रपट ज्या गोष्टी सूचित करून सोडतो, त्या येथे समजावून सांगितल्या जातात. लांबीही वीस मिनिटांनी वाढली आहे.

दूरचित्रवाणी संचातून भूत बाहेर येते तो प्रसंग दोन्हीकडे आहे. नाकातांनी काबुकीचे शिक्षण घेतलेल्या रिए इनोओ यांना उलटे चालायला लावले आणि ते चित्रण उलट्या क्रमाने दाखवले. सादाकोचा चेहरा दिसतच नाही, दिसतो तो केवळ एक डोळा. व्हर्बिन्स्कींनी नामवंत रंगभूषाकार रिक बेकर यांच्याकडून समाराचा चेहरा घडवून घेतला आणि तो दाखवलाही. अधिक भय कशात, याचे उत्तर निदान या बाबतीत जपानी चित्रपटाच्या बाजूने जाते.

खरा फरक शेवटात आहे. (चित्रपट न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद वगळावा.) चित्रफितीची प्रत काढून ती दुसऱ्याला दाखवली, तरच पाहणारा वाचतो. जपानी चित्रपटात रेइको मुलाला वाचवण्यासाठी आपल्या वृद्ध वडिलांकडे निघते. कोणाचा जीव द्यायचा, हे तिने ठरवलेले असते. अमेरिकी चित्रपटात मुलगा आईला विचारतो, की आता ही फीत ज्याला दाखवू त्याचे काय होईल? आई उत्तर देत नाही. बळी अनोळखी राहिला की प्रेक्षकाला नायिकेवर रागवावे लागत नाही.

या यशानंतर हॉलिवूडमध्ये अशा चित्रपटांची रांग लागली. 'द ग्रज' (२००४), 'डार्क वॉटर' (२००५) आणि 'पल्स' (२००६) जपानी चित्रपटांवरून आले. पँग बंधूंच्या २००२ मधील चित्रपटावरून 'द आय' (२००८) निघाला. त्याच चित्रपटावर बेतलेला ऊर्मिला मातोंडकर यांचा 'नैना' मुंबईत त्याआधीच, २००५ मध्ये झळकला होता. 'द रिंग टू' (२००५) चे दिग्दर्शन खुद्द नाकाता यांनी केले, पण पहिल्या भागाची पकड त्यात नव्हती. 'रिंग्ज' हा तिसरा भाग २०१७ मध्ये आला आणि त्यात शापाची प्रत संगणकावर काढली जाऊ लागली. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने त्याच्या आदल्याच वर्षी उत्पादन बंद केले होते.