‘स्ट्राइक’ : एका क्रियापदाचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु शब्दांनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा घाम गाळणाऱ्या माणसांनी घडविलेला असतो. आज एका इंग्रजी क्रियापदाची हकिगत मी आपल्यापुढे मांडणार आहे. माझे इंग्रजी कॉलेजातले नव्हे. कारखान्यांच्या नोटिसा आणि कोर्टाचे निकाल वाचता वाचता ते पदरात पडले. साहजिकच मी निवडलेला शब्दही त्याच वाटेवरचा आहे. तो म्हणजे ‘स्ट्राइक’.

कोशात पाहाल तर पहिला अर्थ ‘मारणे’ असा सापडेल. ‘हिट’, ‘बीट’, ‘नॉक’ हे त्याचे भाऊबंद. पण जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ हलकेच घासत जाणे, हात फिरविणे असा होता; कुरवाळणे या अर्थाचा ‘स्ट्रोक’ हा त्याच कुळातला. पुढे घासण्याचा घाव झाला आणि शब्दाचा संसार वाढला. घड्याळाने टोले देणे, आगपेटीची काडी ओढणे, सौदा पटविणे, नाणे पाडणे, तंबू उतरविणे, यादीतले नाव खोडणे या साऱ्यांना इंग्रज एकच क्रियापद वापरतो. मराठीला त्यासाठी सहा वेगवेगळी क्रियापदे लागतात.

या सहा अर्थांकडे जरा निरखून पाहा. काहींत आघात आहे, तर शेवटच्या दोहोंत उतरविणे किंवा काढून टाकणे आहे. मग काम बंद ठेवणे हा अर्थ कोणत्या बाजूने आला? पुष्कळांना वाटते, आघाताच्या. मालकावर उगारलेला हात तो स्ट्राइक, अशी समजूत आहे. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो.

१७६८ साली इंग्लंडात धान्य महाग झाले होते आणि मजुरी पुरत नव्हती. लंडनच्या थेम्स नदीवरील खलाशी वेतनवाढीसाठी एकत्र आले. ते जहाजाजहाजावर गेले आणि त्यांनी शिडे उतरविली. शीड खाली आले की जहाज जागचे हलत नाही, आणि जहाज हलले नाही की व्यापार थांबतो. शीड उतरविण्याला दर्यावर्दी भाषेत ‘स्ट्राइक’ हाच शब्द होता. त्याच वर्षी लंडनच्या टोप्या बनविणाऱ्या कारागिरांनी काम थांबविले, तेव्हा त्यांच्याविषयीही हाच शब्द वापरला गेला. त्यांच्याकडे कुठले शीड? पण खलाशांचा शब्द कारागिरांच्या दुकानात शिरला तो कायमचा.

यात एक मौज आहे. समुद्रावर बलिष्ठ जहाजापुढे शीड किंवा निशाण उतरविणे ही शरणागतीची खूण मानीत. खलाशांनी तीच कृती केली आणि तिचा अर्थ उलटा केला.

पुढील काळ कठीण होता. १७९९ आणि १८०० साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदे केले आणि पगारवाढीसाठी कामगारांनी एकजूट करणे हाच गुन्हा ठरला. हे कायदे १८२४ साली रद्द झाले. लँकेशायरच्या गिरणीकामगारांत ‘टर्न आउट’, म्हणजे बाहेर पडणे, हा शब्द रूढ होता. १८३२ साली विल्यम बेनबो याने पुस्तिका काढून देशातील साऱ्या श्रमिकांना महिनाभराची ‘सुटी’ घेण्याचा सल्ला दिला. हत्यारे खाली ठेवण्यावरून ‘डाउन टूल्स’ आले. मालकाने दरवाजाला कुलूप लावले तर मात्र ते ‘लॉक-आउट’, आपली टाळेबंदी. संप आणि टाळेबंदी या दोहोंत यंत्र सारखेच थांबते. कोणी थांबविले एवढाच काय तो फरक, आणि तोच सारा फरक.

इतर भाषांनी दुसऱ्या वाटा धरल्या. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी ‘ग्रेव्ह’ नावाचा चौक होता. आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे राहतात, तसे तेथे काम शोधणारे उभे राहत. त्या चौकावरून संपाला फ्रेंच शब्द मिळाला. हिंदीतल्या ‘हडताल’मध्ये हाट आणि ताला आहेत, म्हणजे बंद केलेली दुकाने. आणि आपला ‘संप’? गुजराती शेजाऱ्याला हा शब्द ऐकवा. त्याला एकोपा असाच अर्थ लागेल. इंग्रजाने शीड पाहिले, फ्रेंचाने चौक, आपण माणसांची एकी पाहिली. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईचे गिरणीकामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत. १९२८ साली त्याच गिरण्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या. एकीवाचून इतके दिवस चूल कोण थंड ठेवील?

आता यादीतून नाव खोडण्याच्या अर्थाकडे वळू. कामगार गैरहजर राहिला की हजेरीपटावरून त्याचे नाव कमी केल्याची नोटीस लागे, आणि इंग्रजी नोटिशीत क्रियापद असे तेच, ‘स्ट्राइक’! मालक म्हणे, आम्ही काढले नाही, फक्त नाव खोडले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की असे नाव खोडणे म्हणजे नोकरी संपविणेच असून कायद्याच्या दृष्टीने ती कामगार-कपात ठरते. म्हणजे नोटीस आणि भरपाई यांचा प्रश्न आला. एका क्रियापदाच्या अर्थावर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून होती.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने संपाची व्याख्या वाढविली. एखाद्या दिवशी पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच. बेनबोची सुटी अशी कायद्याच्या पुस्तकात येऊन बसली.

म्हणून माझे सांगणे इतकेच : इंग्रजी कागदावर सही करण्यापूर्वी त्यातील क्रियापद शोधा, आणि त्या क्रियापदाचा कर्ता कोण ते आधी पाहा. शीड उतरविणाराही ‘स्ट्राइक’ करतो आणि नाव खोडणाराही. शब्द एकच असला तरी हात वेगळे असतात.