पलटणीची शाळा, पेन्शन आणि करारपत्र

जयसिंगपूर हे नगर शाहू छत्रपतींनी आपले जनक जयसिंगराव घाटगे यांच्या स्मरणार्थ वसविले. तेथून जवळच, तत्कालीन कागल जहागिरीतील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये जी परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अध्यक्षांच्या उच्च शिक्षणाचा खर्च कोणी व कोणत्या अटींवर सोसला, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या महत्त्वाचा आहे.

त्याचे मूळ पलटणीत आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत हिंदी शिपायांच्या मुलांना, आणि विशेष म्हणजे मुलींनाही, लष्करी शाळेत सक्तीचे शिक्षण मिळे. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेचे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर मिळणाऱ्या पन्नास रुपयांच्या पेन्शनवर घर चाले. त्यातूनच मुलाचे शालेय शिक्षण झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, त्यामागे हीच मिळकत होती.

परंतु तत्पूर्वीच, १८९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, महारांची सैन्यभरती बंद झाली होती. निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध विनंतीपत्र सिद्ध केले. या आंदोलनाकडे अभ्यासक बहुधा मान व उपजीविका यांच्या दृष्टीने पाहतात. माझ्या मते शाळेची हानी त्याहून मोठी होती. शिपाईगिरी गेली, तिच्याबरोबर पुढील पिढीचे अक्षरही गेले. रामजींना जे साधले, ते त्यांच्या मागून येणाऱ्यांस साधणे दुर्घट झाले.

तथापि पेन्शन महाविद्यालयापर्यंत पुरले नाही. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या खटपटीने सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले, म्हणून एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पुरे झाले. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या सैन्यात लेफ्टनंट झाले. त्याच वर्षी जूनमध्ये परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. मात्र परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला. येथे शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘वृत्ती’ म्हणजे निर्वाहासाठी लावून दिलेले उत्पन्न. ‘शिष्यवृत्ती’ या समासात परतफेडीचा लवलेश नाही. व्यवहार मात्र सेवेच्या बदल्यात विद्येचा होता.

१९१७ मध्ये ते बडोद्यास महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. अट पाळण्याची त्यांची सिद्धता होती. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. अखेर त्यांना नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले. करार सेवेचा होता. सेवकास आसरा देण्याचे कलम त्यात कोणास सुचले नसावे.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा स्वतःच्या वेतनातील शिल्लक, नवल भथेना या मित्राकडील कर्ज आणि शाहू छत्रपतींचे साहाय्य, अशी तिहेरी तजवीज होती.

युद्धोत्तर सैनिकांच्या महाविद्यालयीन शुल्काचा भार उचलणारा कायदा अमेरिकेने १९४४ मध्ये केला. इकडे महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली होती. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तेथील वर्ग सकाळी भरत.