बिनटोकाचा बचाव-चाकू

मिटून खिशात ठेवता येणारा, पात्याला अणकुचीदार टोक नसलेला चाकू. याची धार सरळ असते आणि पात्याची पाठ शेवटाकडे गोल वळून धारेला मिळते. त्यामुळे तो कापतो, भोसकत नाही. अपघातग्रस्त गाडीत सीटबेल्ट किंवा रक्ताने भिजलेला सदरा जखमीच्या अंगाला लागूनच कापावा लागतो. अशा वेळी टोकदार पाते त्यालाच भोवू शकते, तर गोल टोक कातडी आणि कापड यांमधून सरकत जाते.

हा घाट जुना आहे. शिडाच्या जहाजांवरील खलाशी असेच चाकू वापरत. जहाज हेलकावले आणि हात घसरला, तरी शीड किंवा शेजारचा माणूस वाचत असे. आधुनिक खिशातल्या चाकूला वळण दिले ते अमेरिकेतील स्पायडरको कंपनीने. १९८१ साली तिच्या ‘वर्कर’ चाकूच्या पात्यात अंगठ्यासाठी गोल भोक होते आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप. एका हाताने दोर धरलेल्याला दुसऱ्या हाताने चाकू उघडता येणे, ही बचावकार्यातली खरी गरज आहे. याच कंपनीच्या ‘अटलांटिक सॉल्ट’ला एच-१ हे खाऱ्या पाण्यातही जवळजवळ न गंजणारे पोलाद वापरले गेले. काही बचाव-चाकूंच्या मुठीला काच फोडण्याचे कठीण टोक असते. त्याने गाडीच्या बाजूची टफन्ड काच फुटते. समोरची लॅमिनेटेड काच मात्र फक्त तडकते, ती करवतीने कापावी लागते.

रोजच्या वापरातही हा चाकू उपयोगी आहे आणि त्याला मिळतो त्याहून अधिक मान मिळायला हवा. पार्सल उघडताना आतल्या वस्तूला टोक लागत नाही. धार शेवटपर्यंत सरळ असल्याने सुतळी, पुठ्ठा, प्लॅस्टिकची पट्टी नेमकी कापता येते. भोक पाडणे, काटा काढणे किंवा ताणलेल्या प्लॅस्टिकच्या मधोमध काप सुरू करणे मात्र याला जमत नाही. काही बचाव-चाकूंची दातेरी धार ओला दोर व पट्टा झटकन कापते, पण फळाच्या फोडी ओबडधोबड करते आणि घरच्या सपाट दगडावर नीट लागत नाही. तिला सिरॅमिकची बारीक कांडी लागते. घरगुती कामे जास्त असतील, तर साधी धारच घ्यावी. सरावासाठी जुन्या सीटबेल्टचा पट्टा एकदा कापून पाहावा. पट्टा ताणून धरून तिरका कापला, तर लवकर तुटतो.

भारतात शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात. घरगुती, शेती व औद्योगिक कामाची अवजारे तीतून वगळली आहेत. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालील मनाई आदेश लागू असताना असा चाकू घरीच ठेवावा. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतचा, पाते अडकून न बसणारा मिटता चाकूच कारण न दाखवता बाळगता येतो. बहुतेक बचाव-चाकूंचे पाते अडकून बसते, त्यामुळे तिथे सबळ कारण दाखवावे लागते. विमानप्रवासात तो हातातल्या सामानात चालत नाही.