राजनांदगावच्या वाटेवरून

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी राजनांदगाव सोडते, दुर्ग ओलांडते आणि भिलाईच्या वस्त्यांना लागून पुढे रायपूरकडे जाते. या वस्त्यांपैकी एकीचे नाव कँप-१. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. त्या धामधुमीत निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. कँप म्हणजे तात्पुरता मुक्काम. पण तात्पुरते म्हणून वसवलेले ठिकाण पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव होऊन बसते, हे या वस्तीने दाखवले आहे. घरदार मागे टाकून आलेल्या माणसाला धीर कोठून मिळतो, हा प्रश्न अशा ठिकाणी पुस्तकी राहत नाही.

याच लोहमार्गावर, भिलाईचा कारखाना निघण्यापूर्वी सुमारे साठ वर्षे, एक मराठी कवी नागपूरहून राजनांदगावास चालला होता. राजनांदगाव तेव्हा मध्यप्रांतातील एक लहानसे संस्थान होते आणि तेथील राजे वैरागी पंथाचे होते. या कवीचे नाव नारायण वामन टिळक. गाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. तो अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी होता. तो सौजन्याने बोलला, काव्याविषयी बोलला, आणि उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत या ब्राह्मण कवीच्या हातात ठेवली. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाल्याचे सांगतात. टिळकांनी ती प्रत वाचली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथे त्यांचे मन जे अडकले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची ही कथा पुष्कळांना ठाऊक आहे. ती सांगताना आपण बहुधा धर्मांतराच्या क्षणापाशी थांबतो, जणू काय श्रद्धा म्हणजे एकदाच चढावयाची पायरी. वस्तुतः खरा प्रश्न पुढे उभा राहतो. एकदा स्वीकारलेली श्रद्धा पोटाची चिंता, वियोग, रोगराई आणि मरण यांच्या दिवसांत आशेने कशी टिकवावयाची? याचे उत्तर टिळकांच्या चरित्रात जितके सापडते त्याहून अधिक त्यांच्या पत्नीच्या चरित्रात सापडते, असे मला वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक, की त्या सोवळ्याच्या धाकात सारे घर दबून असे. १८८० साली, अगदी लहान वयात, त्यांचे लग्न झाले. पती मोठा प्रतिभावान, मनाने निर्मळ. पण एका जागी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते आणि हातात आलेला पैसा घरात रात्र काढीत नसे. अशा माणसाबरोबर संसार करावयाचा म्हणजे रोज उद्याची काळजी. आणि त्यात एके दिवशी बातमी आली, की पतीने धर्म सोडला.

त्या काळी या बातमीचा अर्थ काय होता, हे आज समजावून सांगावे लागते. बाप्तिस्मा झालेला माणूस जातीला मेला. त्याच्या बायकोला सौभाग्याचे कुंकू होते, पण संसार नव्हता. नवरा जिवंत होता, पण त्याच्या घरचे पाणी चालत नव्हते. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहान मुलगा दत्तू. नातलगांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरात, त्यांनी ते दिवस काढले. त्या दिवसांत जीव नकोसा झाला होता, हे त्यांनी पुढे न लपवता लिहिले. विठोबाच्या गावात राहून ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याची वाट पाहणारी ही बाई! मराठी वाङ्मयात इतकी अवघड जागा दुसऱ्या कोणा नायिकेला क्वचितच मिळाली असेल.

पुढे त्या नगरास पतीकडे आल्या, तरी धर्म न बदलता आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. मला या गोष्टीचे फार मोल वाटते. टिळकांच्या हाती नवे सत्य लागले होते आणि ते त्यांना जगाला सांगावयाचे होते. पण स्वतःच्या घरात, चुलीपाशी, त्यांनी थांबण्याचे ठरवले. आशेला वाट पाहता आली नाही तर ती हट्टात जमा होते, हे त्यांना उमगले असावे.

लक्ष्मीबाईंचे मन पालटले ते कोणा उपदेशकाच्या व्याख्यानाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. जन्म, मरण, हाडेमांस सगळ्यांचे सारखेच. मग शिवाशिव देवाची कशी? एकदा हा हिशेब मनात पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास सुरुवात केली. आधी सोवळे सुटले, श्रद्धा मागाहून आली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांना जे आगगाडीत एका पुस्तकाने मिळाले, ते या बाईंना पाच वर्षांच्या वियोगातून, विचारातून आणि पाण्याच्या भांड्यातून मिळाले. दोन्ही वाटा खऱ्या. पण दुसरीवरून चालणाऱ्याचे पाय अधिक भाजतात.

१९०० हे साल कोणते, तेही ध्यानात घ्यावयास हवे. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेग पसरला होता. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा, आपण ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतो तो, येऊन ठेपला. नगर जिल्हा तर आधीच अवर्षणाचा. गावोगाव अनाथ मुले उरली. टिळकांचे घर अशा मुलांनी भरले. घरात पैसा नाही, धान्य मोजके, आणि टिळक आणखी एका मुलाला हाताशी धरून दारात उभे! हसावे की रडावे, असा प्रसंग. लक्ष्मीबाई बहुधा रागावल्या आणि मग त्या मुलाला जेवू घातले. प्लेगच्या काळात आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले. ज्या हातांना लहानपणी सोवळ्याखेरीज काही माहीत नव्हते, ते हात आता ज्यांना शिवायला नातलगही धजत नसत अशांच्या उशाशी होते.

येथे पंडिता रमाबाईंची आठवण होणे साहजिक आहे. दुष्काळात त्यांनी आईबाप गमावले. पुढे भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्यप्रांतात हिंडून निराधार मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात घेऊन आली. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी देह ठेवला, तो आपल्या मराठी बायबलचे काम शेवटास नेऊन. रमाबाईंची आशा तेजस्वी आणि कठोर आहे, तिच्यापुढे माणूस संकोचतो. लक्ष्मीबाईंच्या आशेशेजारी आपण पाट मांडून बसू शकतो. असे म्हणण्याने रमाबाईंचे काही उणे होत नाही.

टिळकांची आशा याहूनही निराळी. ती सदा पुढच्या वळणावर असे. ख्रिस्ताची भक्ती इंग्रजी चालीच्या अनुवादित गीतांत कोंडून राहू नये, ती अभंगाने, ओवीने, कीर्तनाने बोलावी, हा त्यांचा ध्यास होता. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. मराठी ख्रिस्ती मंडळी आजही त्यांची गीते उपासनेत गातात. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. मग १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापण्याची घोषणा केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सारे या दरबारात एकत्र यावेत, अशी ती कल्पना. वैरागी राजांच्या संस्थानात नोकरी केलेला हा माणूस शेवटी स्वतःच वैरागी झाला! दरबार मात्र त्यांच्यामागे टिकला नाही. व्यवहाराच्या तराजूत तोलले तर ही आशा फसली असेच म्हणावे लागेल.

आणि दुःखाने काही त्यांना सूट दिली नाही. बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी राहिलेले, घरच्या मुलासारखे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. त्यानंतर बरोबर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. ज्या आगगाडीने या घराला श्रद्धेकडे नेले तिनेच त्या घरातले एक पोर ओढून नेले, हा योगायोग इतिहासकाराने नोंदवावा. त्यातून अर्थ काढण्याचा उद्योग करू नये. लक्ष्मीबाईंनीही केला नाही.

पुढची वर्षे वैधव्याची, चाकरीची आणि स्थलांतराची. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम, मग कराची. पन्नाशी उलटलेली बाई, शिक्षण जुजबी, भाषा घरगुती. याच काळात त्यांनी आपल्या आठवणी सांगावयास घेतल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत बाहेर आली. हे पुस्तक एका श्रद्धाळू ख्रिस्ती बाईचे आहे, पण त्यात उपदेशाचे पान शोधून सापडावयाचे नाही. त्यात हसू आहे. सोवळ्याच्या वेडाचे हसू आहे, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाचे आहे, स्वतःच्या अज्ञानाचे तर सर्वांत जास्त. दुःखाचा प्रसंग सांगताना त्या आवाज चढवीत नाहीत. दोन वाक्ये लिहितात आणि पुढच्या दिवसाच्या कामाला लागतात. काही टीकाकारांनी याला स्वभावाची गंमत म्हटले आहे. मला ते अपुरे वाटते. शेवटी सारे कोणाच्या तरी प्रेमळ हातात आहे अशी खात्री असल्याखेरीज आपल्या पडझडीकडे इतके मोकळेपणाने हसता येत नाही. नुसता विनोदी स्वभाव प्लेगच्या दारात टिकत नाही.

आशा म्हणजे दुःख न दिसणे, अशी एक समजूत धार्मिक मंडळींत आढळते, आणि तिच्यामुळे दुःखी माणूस अधिकच एकटा पडतो. माझी श्रद्धाच कमी म्हणून मला रडू येते, असे त्याला वाटू लागते. लक्ष्मीबाईंचे लेखन वाचलेल्याला असे वाटण्याचे कारण नाही. त्या रडल्या, नवऱ्याशी भांडल्या, देवावर रुसल्या, जेवण टाकून बसल्या. आणि तरीही आशा हरल्या नाहीत. कँप-१ सारख्या वस्तीत, दूरच्या गावाहून आलेल्या एखाद्या कुटुंबात, पगार संपलेल्या महिनाअखेरीस श्रद्धेला जे काम करावे लागते ते याच जातीचे असते, मग ते कुटुंब कोणत्याही देवाचे नाव घेवो.

टिळकांनी मागे एक काम अर्धवट ठेवले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत गावे, म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. सुमारे दहा अध्याय झाले आणि ते गेले. ओळख देताना ज्यांना अजूनही कवीची बायको म्हणत, त्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. एक, दोन, दहा, वीस असे करीत त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या, आणि ग्रंथ पुन्हा अपुरा राहिला. शेवटचा अध्याय देवदत्ताने, म्हणजे पंढरपुरात आईच्या पदराला धरून राहिलेल्या त्या दत्तूने, लिहिला. १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ छापून आले.